नानांचा अँटेना

धुळ्यात अभिमन बोरसेला सगळे भला माणूस म्हणत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. छंद म्हणाल तर एकच, हौशी रेडिओचा. परवाना काढायचा, घरात यंत्र मांडायचं आणि जगाच्या पाठीवरच्या अनोळखी माणसांशी बोलत बसायचं. तो भला होताच, पण मनापासून हवी असलेली वस्तू अजून त्याच्या हाताशी आलेली नव्हती, एवढंच.

ती वस्तू वरणगावला होती, मोतीलाल नानांच्या परसात. नाना मूळचे साक्रीकडचे, नोकरीमुळे वरणगावला स्थायिक झालेले. टिंब आणि रेघांची भाषा, म्हणजे मोर्स, अभिमनला त्यांनीच शिकवली होती. दोघं हवेत, म्हणजे रेडिओवर, भेटले की अक्षरं रोमन आणि बोली अहिराणी. नानांचा अँटेना म्हणजे दोन मजले उंच ॲल्युमिनियमचा उभा खांब, आणि त्या एकाच खांबावर पाच बँड, म्हणजे रेडिओलहरींचे पाच पट्टे, चालत. अभिमन धुळ्यात कानाला हेडफोन लावून नुसती खरखर ऐकत असे, तेव्हा नाना ब्राझीलच्या माणसाला वरणगावचं ऊन सांगत असत. अभिमन तोंडभर कौतुक करी आणि घरी येऊन जेवत नसे.

मग नानांना लकवा झाला. वाचा गेली, अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना आता काही उमजत नाही. मुलगा समाधान याला परसात खोली बांधायची होती. त्याने अँटेना मजुरांकडून उतरवला आणि अभिमनला फोन केला, "आबा, तुम्ही न्या. नाहीतर भंगारात जाईल." अभिमन त्याच दिवशी टेम्पो घेऊन गेला. नाना झोपले असतील, असं म्हणून आत डोकावलासुद्धा नाही.

घरी आल्यावर मात्र त्याची जिरली. मजुरांनी खांबाचे तुकडे करून एकत्र बांधले होते. नळ्यांच्या मधे मधे जाड डब्या बसतात, त्यांना ट्रॅप म्हणतात. त्यांच्या आत तारेची वेटोळी असतात आणि कुठला बँड कुठे थांबायचा ते त्या ठरवतात. डब्या सगळ्या सारख्या दिसत होत्या, वरची पट्टी उन्हाने खाल्लेली. अभिमनने इंटरनेटवर जुनी पुस्तिका शोधली, रिव्हेट मोजले आणि मालाची जात ओळखली. अमेरिकन होता. पण एकही माप पुस्तिकेशी जुळेना. नळ्यांवरचा पांढरा गंज पॉलिश पेपरने घासल्यावर कारण कळलं. नानांनी नळ्या कापल्या होत्या, डब्या उघडून आतली वेटोळी नव्याने गुंडाळली होती. म्हणजे कंपनीचा अँटेना फक्त नावाला, खरा तो नानांचाच.

आता विचारायचं कुणाला? अभिमनने एक डबी पिशवीत घातली आणि आजाऱ्याला भेटायच्या निमित्ताने वरणगावची एसटी धरली.

नाना लोखंडी पलंगावर पडले होते. नजर छताला. उजव्या हाताचं एक बोट तेवढं पलंगाच्या दांड्यावर टकटक करत होतं. सून ज्योती म्हणाली, "दिनरात चालस, आबा. डोकं उठी जास." ती चहा ठेवायला गेली. अभिमन ऐकू लागला. आखूड ठोका टिंब, लांबलेला ठोका रेघ; हे मोर्स होतं. नाना बोलत होते. लकवा झाल्यापासून बोलतच होते, आणि त्या घरात ती भाषा कुणालाच येत नव्हती.

'ज्योतीले सांग. माले बठ्ठं समजस.' आपल्याला सगळं कळतं, एवढंच सुनेला सांगायचं होतं.

दुसरा कुणी असता तर तिथूनच ओरडला असता. अभिमनही ओरडणार होता, पण त्याच्या मनात हिशेब आला. नाना बोलते झाले तर पहिली गोष्ट अँटेनाची काढतील. समाधान बापाच्या शब्दाबाहेर नाही. खांब परत जाईल. त्याने पिशवीतली डबी काढली आणि नानांच्या हाताखाली सरकवली.

बोट तिच्यावरून हळूहळू फिरलं. नानांना सगळं कळलं. आपला अँटेना उतरला, कुणाकडे गेला, आणि हा का आला. मग टकटक आली. ही वीस मीटरच्या बँडची, पाणी निथळायची छिद्रं खाली ठेव, नाहीतर पावसात मरेल. आणि लगेच पुढे: 'आते सांग ज्योतीले.'

अभिमनने दांड्यावर नखाने उत्तर दिलं, 'सांगस.'

पुढच्या वेळी दुसरी डबी नेली. नानांनी आधी विचारलं, 'तू सांगं का तिले?'

'सांगं,' अभिमनने ठोकलं. 'तिले पटत नही.'

नानांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तरी त्यांनी डबीचं माप सांगितलं. मोबदला म्हणून सांगत होते बिचारे. पुढल्या खेपेला तरी तिला पटेल, या आशेवर त्यांनी एकेक डबी उलगडून दिली, आणि अभिमन दर वेळी तेच खोटं ठोकून चहा पिऊन निघत राहिला.

एकदा ज्योतीनेच त्याला दारात थांबवलं. ठोकून ठोकून नानांच्या बोटाची सालं निघाली होती. "आबा, तुम्ही शिकेल मानूस. हाऊ हात असा का बरं करस? बांधी ठेवू का?"

सगळ्या डब्यांची मापं तोवर अभिमनच्या खिशात होती. आत बोट थांबलं होतं. नाना ऐकत होते.

"शिरासनं दुखनं शे," अभिमन म्हणाला. "बांधी ठेव."

अँटेना धुळ्यात उभा राहिला. चकचकीत घासलेला, स्टीलच्या नव्या क्लिपा लावलेला, छिद्रं खाली. ब्राझील आला, जपान आला, अभिमन लहान पोरासारखा हसला. फक्त चाळीस मीटरच्या बँडवर अँटेना बहिरा होता. खांबाभोवती जमिनीत तारा पुरायच्या असतात, त्यांचं माप चुकत होतं. नानांच्या तारा समाधानच्या नव्या खोलीखाली काँक्रीटमध्ये गेल्या होत्या. आता ते माप फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याचा हात बांधलेला होता.

तेव्हा कुठे अभिमनला सत्याची आठवण झाली. वरणगावला जाऊन तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ज्योती, हात सोड. नाना बोलतस. आजच मना ध्यानमा उनं."

ज्योतीने घाईघाईने पट्टी सोडली. बोट सुजून आखडलं होतं. ते हललं, अडखळलं, पुन्हा हललं. पदर तोंडाला लावून ती रडू लागली, अभिमनच्या पाया पडली. "देवनी धाडं तुमले, आबा! काय म्हनतस नाना?"

बोट सांगत होतं, 'याले घरमा येऊ देऊ नको. खोटा शे.' पुन्हा पुन्हा तेच.

"म्हनतस, अभिमनले च्या दे," अभिमन म्हणाला.

ज्योती रडता रडता हसली. "माले बी शिकाडा ना ही भाषा."

"अवघड शे, माय. वरीसनं वरीस लागतस."

ती स्वयंपाकघरात गेली. अभिमन वाकला आणि दांड्यावर ठोकू लागला, 'चाळीसनी तार कितली लांब?' नानांनी बोट उचललं आणि तसंच वर धरून ठेवलं. खाली आणलंच नाही.

आतून ज्योतीचा आवाज आला, भीत भीत. "आबा, इचारा ना. मी हात बांधा म्हनीसन नाना माले रागे भरनात का?"

अभिमनची नजर त्या बोटावरून हलली नाही. "नही भरनात," त्याने ओरडून सांगितलं, आणि पुन्हा ठोकलं, 'कितली लांब?'