तांबडा चष्मा

नवरा गेल्यावर शालूबाई 'नदीकाठ' साप्ताहिक बंद करतील असं कराडात सगळे धरून चालले होते. त्यांनी तसं केलं नाही. सोमवार पेठेतला छापखाना तसाच चालू राहिला, दर शुक्रवारी अंक निघत राहिला, आणि लग्नपत्रिका, हँडबिलं आणि साखर कारखान्याची जाहिरात यांवर कागदाचा खर्च भागत गेला. बातम्या त्या स्वतः बघायच्या. अग्रलेखही, अडखळत का होईना, स्वतःच लिहायच्या. पण अंक हातात पडला की लोक आधी तिसरं पान उघडायचे. तिथं धोंडिराम गुरुजींचं 'पारावरून' असायचं.

गुरुजी शालूबाईंच्या नवऱ्याचे मित्र. शाळेतून निवृत्त झाल्यापासून लिहीत होते. नगरपालिकेच्या नळापासून कॉलेजच्या पोरांच्या वाढलेल्या केसांपर्यंत कशावरही लिहायचे, आणि ते वाचताना माणूस समोर बसून बोलतोय असं वाटायचं. गुरुजी कुणाचे मिंधे नाहीत असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली. एक पॅनेल चेअरमनचं, दुसरं विरोधकांचं. त्याच उन्हाळ्यात कारखान्याचं मळीचं पाणी खालच्या अंगाला टेकवाडीच्या ओढ्यात उतरलं. ओढ्याकाठी बौद्ध वस्ती होती. तिथली विहीर आधी तांबूस झाली, मग तिला वास मारायला लागला. वस्तीतल्या लोकांनी मामलेदार कचेरीत अर्ज दिला.

गुरुजींनी यावर सुरुवातीला लिहिलं, की कारखान्यानं खुलासा करावा. पुढच्या अंकात लिहिलं, की तक्रार नेमकी निवडणुकीच्या तोंडावर का आली हेही बघायला हवं. त्यानंतरच्या अंकात त्यांनी शेवट केला तो असा: 'टेकवाडीचं पाणी तांबडं नाही, बघणाऱ्यांचा चष्मा तांबडा आहे.'

वाक्य गाजलं. एस.टी. स्टँडवर, मंडईत, सलूनमध्ये लोक ते म्हणून दाखवायला लागले. टेकवाडीच्या बाजूनं कुणी तोंड उघडलं, की दुसरा म्हणायचा, आधी चष्मा काढ. लाल बावट्यावाल्यांनी ही माणसं उठवली आहेत, असं त्यातून आपोआप ठरून गेलं. शालूबाईंनाही ते वाक्य आवडलं होतं. आपल्या अग्रलेखात त्यांनी 'बाहेरून आणलेला असंतोष' असा शब्द वापरला तो त्याच भरात.

सोमवारी छापखान्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. टेकवाडीच्या वस्तीतली राहीबाई. तिचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता, आणि वस्तीत पेपर तिच्याच घरी यायचा. ती भांडायला आली नव्हती. तिला एकच विचारायचं होतं.

"बाई, गुरुजी कवा आलं व्हतं आमच्यात? आमाला कुनाला दिसलं न्हाईत, म्हून इचारते."

शालूबाईंनी विचारून सांगते म्हटलं. राहीबाईनं पाणी मागितलं, उभ्यानंच दोन तांबे प्यायली आणि गेली.

संध्याकाळी गुरुजी आले तेव्हा शालूबाईंनी विचारलं. गुरुजी म्हणाले, जायची गरज काय होती, सगळी माहिती होतीच. कुठून मिळाली, असं शालूबाई विचारणार होत्या, पण गुरुजींना कधी असं विचारलेलं नव्हतं, म्हणून गप्प बसल्या.

आणखी दोन दिवसांनी टपालातून इतर गावांची वर्तमानपत्रं आली. अंकाच्या बदल्यात अंक पाठवायची रीत होती. सांगलीच्या एका दैनिकात कृष्णात माने नावाचे गृहस्थ रोजचं सदर लिहायचे. शालूबाई चहा पीत ते चाळत होत्या. त्यात टेकवाडीचा विषय होता, आणि शेवटी तेच वाक्य होतं. पाणी, तांबडं, चष्मा, सगळं तसंच. त्यांनी तारीख बघितली. गुरुजींचा अंक निघाला त्याच्या आदल्या दिवशीची होती. मग त्यांनी साताऱ्याचं साप्ताहिक काढलं. तिथं 'तांबड्या काचेतून पाहणारे' एवढंच होतं, पण होतं.

त्या दिवसापासून शालूबाईंचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. गुरुजींनी सांगलीचं उचललं म्हणावं, तर सांगलीचा अंक कराडात पोचायच्या आधीच गुरुजींचा मजकूर खिळे जुळवणाऱ्या सिद्धूच्या हातात गेला होता. मग दोघांना कुणी तिसऱ्यानं लिहून दिलं की काय? आणि दिलं तर गुरुजींनी ते का घेतलं? त्यांना आठवलं, की गेल्या हंगामात गुरुजींच्या जावयाला कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी लागली होती. तेव्हा त्यांनी पेढा खाल्ला होता. आता तो पेढा त्यांच्या घशाशी आला.

गुरुजींचा मजकूर त्या बारकाईनं वाचायला लागल्या. गुरुजी कुणाबरोबर बोलत आले, कुणाबरोबर गेले, हे खिडकीतून बघायला लागल्या. सिद्धूलाही त्यांनी आडून विचारलं, की गुरुजींच्या कागदावर दुसरं अक्षर असतं का. सिद्धू म्हणाला, नसतं. तो खरं सांगतोय का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

शेवटी त्या सांगलीला गेल्या. कृष्णात माने गावभागात राहत होते. अंगात बनियन, कपाळाला गंध, पुढ्यात अडकित्ता. 'नदीकाठ'च्या संपादक म्हटल्यावर त्यांनी आदरानं बसवलं, आत चहा सांगितला. शालूबाईंनी दोन्ही अंक त्यांच्यापुढं ठेवले. मान्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग ते रागावले. वाक्य आपलंच आहे, कराडवाल्यांनीच ते कुठून तरी ऐकलं असणार, असं म्हणाले. शालूबाईंनी शांतपणे विचारलं, की ते सुचलं कधी.

माने आठवायला लागले. इथंच बसलो होतो, चहा पीत होतो, बोलता बोलता सुचलं. कुणाशी बोलताना, असं विचारल्यावर ते म्हणाले, "भाऊसोंशी. पण तसं काही मनात आणू नका. तो माणूस कधी हे छापा, ते छापा म्हणत नाही. उलट चेअरमनलाच नावं ठेवतो."

भाऊसोंना शालूबाई चांगल्या ओळखत होत्या. भाऊसो कारखान्याच्या माहिती खात्यात होते. हसतमुख, वाचणारा माणूस. महिन्या-दोन महिन्यांनी छापखान्यात यायचे, येताना भडंगाचा पुडा आणायचे, नवऱ्याच्या आठवणी काढायचे. कारखान्याचा विषय त्यांनी स्वतःहून कधी काढला नव्हता. गुरुजींचा तर त्यांच्यावर फार जीव होता, कारण गुरुजींचे जुने लेखसुद्धा भाऊसोंना तोंडपाठ असत.

शालूबाईंनी मान्यांना विचारलं, की आता तुम्ही काही खुलासा छापणार का. माने बराच वेळ सुपारी कातरत राहिले. पेपरच्या मालकांचं आणि चेअरमनचं बरं आहे, असं काहीसं म्हणाले आणि चहा थंड होतोय याकडे त्यांनी लक्ष वेधलं.

परत आल्यावर शालूबाईंनी गुरुजींना बोलावलं आणि मान्यांचा अंक दाखवला. इथवर ठीक होतं. गुरुजी चकित झाले, योगायोग असेल म्हणाले. पण इतक्या दिवसांचं साठलेलं शालूबाईंच्या तोंडून निघून गेलं. जावयाच्या नोकरीचं त्या बोलल्या. गुरुजींनी अंक घडी करून टेबलावर ठेवला.

"वहिनी, जावई मुलाखत देऊन लागलाय. मी शब्द टाकला नव्हता. पण तुम्ही इतके दिवस हे मनात ठेवून माझ्याशी बोलत होतात, ते मला कळलं नाही."

टोपी घालून ते निघून गेले. त्या शुक्रवारी 'पारावरून' निघालं नाही. तिसऱ्या पानावर शालूबाईंनी आंब्याच्या लोणच्याची कृती घातली. लोक विचारायला यायला लागले, की गुरुजी आजारी आहेत का.

त्याच दरम्यान भाऊसो आले. हातात पुडा होताच. त्यांनी सांगलीचा प्रवास कसा झाला, म्हणून विचारलं. शालूबाईंनी तो त्यांना सांगितला नव्हता. भाऊसोंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नेहमीसारखं हसू तेवढं होतं. गुरुजींविषयी ते फार आपुलकीनं बोलले. म्हणाले, वय झालं की माणसाला विश्रांती हवी. मग टेकवाडीवर आले, तेही तक्रारीच्या सुरात नाही.

"लोकांचे हाल आहेत हो, ते नाकारत नाही मी. पण वहिनी, दहा वर्षं तोच कारखाना, तोच ओढा. आणि आरडाओरड मात्र बरोबर आत्ताच. म्हणजे यामागं..."

आणि ते थांबले. चहाची बशी हातात घेऊन, मान जराशी तिरकी करून, शालूबाईंकडे बघत राहिले. शालूबाईंच्या जिभेवर पुढचे शब्द आले होते. 'कुणीतरी आहे.' त्या म्हणणारच होत्या. शब्द त्यांचे होते, आवाज त्यांचा असता, उद्या लिहिलं असतं तर अक्षरही त्यांचंच असतं. त्यांनी ओठ मिटून घेतले.

भाऊसो वाट बघत राहिले. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि विषय बदलला. जाताना म्हणाले, गुरुजी लिहिणार नसतील तर एक हुशार तरुण माहितीत आहे, हवा तर सांगा. शालूबाईंनी कळवते म्हटलं. ते गेल्यावर त्यांनी आपला जुना अग्रलेख काढून वाचला. 'बाहेरून आणलेला असंतोष.' हे शब्द आपल्याला सुचले त्या दिवशी भाऊसो येऊन गेले होते का, हे त्यांना कितीही आठवून नक्की सांगता येईना. त्यानं त्या जास्तच अस्वस्थ झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गुरुजींच्या घरी गेल्या. गुरुजींच्या बायकोनं, भामाबाईंनी, या म्हटलं, पण बसा म्हटलं नाही. शालूबाई उभ्यानंच बोलल्या. जावयाचं बोलायला नको होतं, चुकलं, म्हणाल्या. मग भाऊसोंचं ते अर्धं सोडलेलं वाक्य जसं झालं तसं सांगितलं. गुरुजी ओसरीवर पाठ करून बसले होते. ते हळूहळू वळले.

"पाणी तांबडं म्हणतात, पण मला वाटतं तांबडं दुसरंच काहीतरी आहे, असं म्हणाला होता तो," गुरुजी सावकाश म्हणाले. "मी चष्मा पुसत होतो. मी म्हटलं, चष्मा. केवढा हसला होता. टाळी दिली मला."

ती टाळी त्यांना आता फार लागत होती, हे शालूबाईंना दिसलं. आणि लिहिणारे बहुधा सगळेच चष्मा पुसतात, त्यामुळं तोच शब्द सगळ्यांना सुचला असेल, असंही त्यांच्या मनात आलं. माने, गुरुजी, साताऱ्याचे ते कोण असतील ते.

दोघं त्याच दिवशी टेकवाडीला गेले. फाट्यावर उतरून चालत जाताना वास आधी आला. राहीबाईनं त्यांना विहिरीपाशी नेलं. पाण्यावर तेलकट तवंग होता आणि खालचा रंग गुळाच्या काकवीसारखा. गुरुजी काठावर वाकून उभे राहिले ते बराच वेळ. वस्तीतल्या बायका पिण्याचं पाणी वरच्या मळ्यातून, मालकाची मर्जी सांभाळून, आणत होत्या. राहीबाईच्या म्हशीनं ओढ्याचं पाणी तोंडात घेणं सोडलं होतं.

गुरुजींनी विचारलं, अर्ज कुणी लिहून दिला. राहीबाईनं सांगितलं, की अर्ज त्यांचा त्यांनीच दिला, पण त्यानंतर विरोधी पॅनेलचे आबा जीप घेऊन आले होते, फोटोवाल्यासकट. त्यांनी एक तयार निवेदन आणलं होतं आणि सगळ्यांचे अंगठे मागितले. त्यात विहिरीबद्दल दोन ओळी होत्या, बाकी सगळं चेअरमनच्या कारभारावर.

"आमी न्हाई दिलं अंगठं," राहीबाई म्हणाली. "त्यास्नी फोटू हवा व्हता. पानी कुनालाच नको हाय."

परतताना शालूबाईंनी लेखाचा विषय काढला नाही. आता आपण एखादा शब्द बोलायचो आणि तो त्यांच्या लेखात जायचा, अशी त्यांना धास्ती वाटली.

लेख आला तो लहान होता. त्यात गमती नव्हत्या. विहीर कशी दिसते, वास कुठपासून येतो, बायका किती लांबून पाणी आणतात, एवढंच होतं. जीपचं आणि तयार निवेदनाचंही होतं. शेवटी गुरुजींनी लिहिलं होतं, की चष्म्याचं ते वाक्य मी टेकवाडी न बघता लिहिलं, कारखान्याच्या माणसाशी गप्पा मारताना ते अर्धं त्यांनी आणि अर्धं मी केलं, तरी वाचकांनी ते विसरावं. शालूबाईंनी आपल्या अग्रलेखातला शब्दही त्याच अंकात मागं घेतला.

कारखान्याची जाहिरात बंद झाली, हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते निराळंच. मंडईत लोक म्हणायला लागले, की 'नदीकाठ' विरोधी पॅनेलनं फोडला. आबांच्या माणसांनी उलट दुकानातून अंक उचलून नेले आणि गुरुजी चेअरमनला विकले गेले असं सांगत फिरले. गुरुजींना सलूनमध्ये बघून माणसं बोलायची थांबत. इतकी वर्षं त्यांना वाचणारी माणसं.

निवडणूक चेअरमनच्या पॅनेलनं जिंकली. कृष्णात माने सांगलीत लिहीत राहिले. भाऊसो पुन्हा आले नाहीत. लोणंदला नवं साप्ताहिक निघालं होतं, तिथं त्यांचं जाणं-येणं वाढल्याचं कानावर आलं. पण लेखातलं विहिरीचं वर्णन वाचून मामलेदार कचेरीतून एक साहेब पाण्याच्या नमुन्यासाठी बाटल्या घेऊन टेकवाडीला गेले, आणि पावसाळा संपल्यावर ओढ्यापासून दूर, वरच्या अंगाला, नवी विहीर मंजूर झाली.

'पारावरून' चालू राहिलं. पण आता लेख आला की शालूबाई एखाद्या वाक्यावर बोट ठेवायच्या आणि गुरुजी ते कुठं बघितलं, कुणाकडून ऐकलं, हे सांगायचे. शालूबाईंच्या अग्रलेखावर गुरुजी तसंच बोट ठेवायचे. दोघांपैकी कुणी त्याचा राग मानत नव्हतं. मात्र पूर्वीसारख्या रंगलेल्या गप्पा छापखान्यात पुन्हा झाल्या नाहीत. कुणी भेटायला आलं, छान बोललं, की दोघंही आपोआप गप्प होऊन ऐकत राहायचे.

विहिरीचं पूजन थंडीत झालं. चेअरमन आले, आबाही आले, आणि दोघांनीही विहीर आपल्यामुळं झाल्याचं भाषणात सांगितलं. नारळ फुटल्यावर चेअरमनचा एक माणूस गुरुजींजवळ आला आणि आता तरी दोन चांगले शब्द लिहा, म्हणाला. गुरुजी गर्दीतून वाट काढत राहीबाईकडे गेले. ती नव्या विहिरीची पहिली घागर भरून घेत होती. काय लिहू, असं त्यांनी तिला विचारलं.

राहीबाईनं ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, प्यायली.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर आवं गुरुजी, येक उन्हाळा जाऊ द्या. मग या, बघा, आन् मग लिवा."

गुरुजींनी त्या शुक्रवारी विहिरीवर काहीच लिहिलं नाही.