न दिसण्याची खूण

चौकोनात बरोबरची खूण होती. एवढीशी, निळी, नखानं खरवडून निघेल अशी वाटणारी... आणि तिच्यापुढे ओळ – 'सर्च इंजिनांनी ही साइट दाखवू नये.' बिल्यानानं ती दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. दोब्री मास्तरांची साइट आठ महिने जगापासून लपून बसली होती, आणि लपवणारी ती स्वतः होती.

साइट बांधत असताना ही खूण करावीच लागते, अर्धवट पानं कुणाला सापडू नयेत म्हणून. आणि साइट खुली करायच्या दिवशी ती आठवणीनं काढावी लागते. काल मास्तरांचा फोन आला होता – दुकान बंद करतोय, शुक्रवारी जागेच्या मालकाला चावी देणार, साइट काढून टाक, उद्या अकराला येऊन जातो. काढायची म्हणून आज सकाळी तिनं सेटिंग उघडलं, आणि पुढ्यात हे.

साइट खुली झाली त्या दिवशी मास्तर अकॉर्डियन घेऊनच तिच्या ऑफिसात आले होते. अख्ख्या स्लिव्हेन शहरात अकॉर्डियन दुरुस्त करणारा हा एकच माणूस उरलेला. बायकोनं चीज भरून भाजलेली गरम बानित्सा त्यांनी टेबलावर ठेवली आणि बिल्यानानं 'झाली खुली' म्हणताच वाजवायला बसले. वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण हातमोज्यांसकट खाली आली. आणि बिल्याना – ती टाळ्या पिटत होती. टाळ्या पिटताना कोण चौकोन बघतं?

थीम निवडण्यात तीन आठवडे गेले होते. तिनं अकरा दाखवल्या. मास्तर अडून बसले ते एका कॉफीच्या दुकानासाठी बनवलेल्या थीमवर, का तर तिचा तपकिरी रंग थेट अक्रोडाच्या लाकडाचा. मग अक्षर केवढं असावं, फोन नंबर कुठं असावा, लोक 'अकॉर्डियन दुरुस्ती' असं शोधतील की 'अकॉर्डियनचा भाता फाटला' असं... जीव ओतला होता तिनं. पुढं दर महिन्याला मास्तर विचारायचे, फोन काही येत नाही गं पोरी, आणि ती म्हणायची, सर्चला वेळ लागतो, धीर धरा. तिच्याकडून साइट करून घेतलेल्या टायरवाल्यालाही हेच सांगायची, फुलवालीलाही. तोंडपाठ झालं होतं. एकदाही, आठ महिन्यांत एकदाही तिनं स्वतः शोधून बघितलं नव्हतं. खूण राहून जाते, कुणाचीही जाते. पण हे न बघणं... ही निव्वळ घमेंड होती, दुसरं काय.

साडेनऊला तिनं खूण काढली. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. आता चार-सहा दिवसांत साइट दिसायला लागेल, फोन यायला लागतील, आणि मास्तर हत्यारं विकून घरी बसलेले असतील. सांगून टाकावं? स्लिव्हेन ते केवढं; संध्याकाळपर्यंत टायरवाला आपली साइट तपासायला दारात उभा राहील. नाही सांगितलं तर कुणाच्या बापालाही कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची... ती तीनदा उठली, तीनदा बसली, कॉफी केली आणि प्यायची विसरली.

मास्तर अकराच्या आधीच आले. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

"तोंड का पाडलंयस, पोरी? तुझा काय दोष? साइट तर नवरीसारखी सजवली होतीस."

"मास्तर, एखादा महिना थांबला असतात..."

"नको. आधी वाटायचं, माझे हात गेले, म्हणून लोक दुसरीकडं जातात. आता साऱ्या जगानं बघितलं आणि तरी कुणी आलं नाही. म्हणजे खोट हातात नाही, लोकांनी वाजवणंच सोडलंय. हे कळल्यापासून झोप चांगली लागते बघ."

झोप चांगली लागते. बिल्यानाला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं – म्हणजे न सांगणं ही दयाच की... कशाला मोडायची म्हाताऱ्याची झोप? मन किती चटकन मऊ जागा शोधतं, याची तिला किळस आली.

जाता जाता त्यांनी सहज विचारलं, एकूण किती जण येऊन गेले असतील, आकडा असतो ना तुझ्याकडं? आकडा होता. तिनं पान उघडलं. दोनशे एकोणीस भेटी. सगळ्या स्लिव्हेनमधून, सगळ्या एकाच फोनवरून, सकाळी आठच्या सुमाराला.

"दोनशे एकोणीस," ती म्हणाली.

"त्यात बराचसा मीच असेन." मास्तर ओशाळून हसले. "दुकान उघडलं की आधी साइट उघडायचो. वाटायचं, आत कुणी आलं असेल."

ते दाराकडं वळले.

"मास्तर, बसा."

ते बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि ऐकायला जरा पुढं वाकले. सकाळपासून ती स्वतःच्या अब्रूला भीत होती. ती भीती कधी गेली, तिला कळलंच नाही. सांगितलं, तर हा माणूस शुक्रवारी चावी देणार नाही, सोमवारी सकाळी आठला पुन्हा फोन हातात घेऊन बसेल, मंगळवारी बसेल... आणि या खेपेला साऱ्या जगाला साइट दिसत असतानाही कुणी आलं नाही तर?

मास्तर वाट बघत होते. तिनं तोंड उघडलं.