कॅप्टन डाने याचे आळशी पाय

कॅप्टन वानेस डाने याला विमान उतरवता येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याने अजून कुणालाही सांगितली नव्हती. रोज सकाळी तो हवाई तळावरून आवाजापेक्षा वेगाने जाणारं लढाऊ विमान घेऊन निघायचा, उत्तर समुद्रावर चक्कर मारून यायचा आणि अलगद उतरवायचा. त्यात काही अडचण नव्हती. अडचण होती ती लाकूड, कापड आणि तारांच्या एका म्हाताऱ्या दुपंखी विमानाची. त्याचं नाव स्टांपे. बेल्जियमच्या हवाई दलातल्या कितीतरी पोरांनी एके काळी त्याच्यावर उडायचे पहिले धडे गिरवले होते.

हे लचांड त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. सप्टेंबरात एक दिवस तळ लोकांसाठी खुला व्हायचा होता. तळाचे प्रमुख कर्नल बाकेलांट यांची हौस अशी, की ज्या विमानावर आपण शिकलो ते गर्दीसमोर उडावं, आणि ते गणवेशातल्या अधिकाऱ्यानेच उडवावं. बैठकीत कोण उडवणार असं विचारल्यावर वानेसने हात वर केला. वर म्हणाला, "त्यात काय, लहान मुलांची सायकल ती." सगळे हसले, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव छापून आलं.

हवाई दलाने आपली स्टांपे कधीच विकून टाकली होती. त्यातलं अजून उडणारं सगळ्यात जवळचं विमान होतं हासेल्टच्या बाहेर, गवताच्या एका मैदानावर, गोडेलीव्ह वानहामेल या बाईंच्या शेडमध्ये. साठीला आलेली, ठेंगणी, बोलायला तुटक बाई. तरुणपणी ती हवाई दलाच्या शाळेत पॅराशूटच्या घड्या घालायच्या कामाला होती. बायकांना तेव्हा विमान चालवू देत नसत. हवाई दलाने विमानं विकायला काढली तेव्हा तिने दोन मैत्रिणींबरोबर त्यातलं एक घेतलं आणि त्याच्यावरच उडायला शिकली. मैत्रिणी मागे पडल्या, ती आणि विमान राहिलं. आता गावातला दंतवैद्य, शाळामास्तर, पोस्टमन, ज्याला हौस असेल त्याला ती शिकवायची.

वानेस शनिवार-रविवारी तिच्याकडे जायला लागला. तो मागच्या जागेवर, ती पुढे. दोघांमध्ये बोलायला एक रबरी नळी. हवेत सगळं झकास चालायचं. उतरलं की गडबड. लढाऊ विमान चाकं टेकली की सरळ पळतं, पायांना फारसं काम नसतं. या म्हाताऱ्याला पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक बारकं चाक. ते जमिनीवर आलं की त्याची शेपटी पुढे यायला बघते, आणि थांबेपर्यंत पायांनी तिला आवरत राहावं लागतं. वानेसला हे तोंडपाठ होतं. पायांना नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी, कार्यक्रमाला आठवडा उरला असताना, व्हायचं ते झालं. चाकं टेकली, त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात विमानाने गर्रकन गिरकी घेतली. खालच्या पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि कापड टर्रकन फाटलं.

गोडेलीव्ह खाली उतरली, पंखाखाली वाकून बघितलं, आतली लाकडी फासळी दाबून पाहिली. मग शेडमधून मोठी सुई, दोरा आणि एक स्टूल घेऊन आली आणि शिवायला बसली. वानेस कापड ताणून धरून उभा राहिला. ती इतका वेळ गप्प होती की त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"झोप लागते का तुला?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"आठवडा झाला," वानेस म्हणाला. "मदाम, मला हे उतरवायची भीती वाटते. हजारो लोकांसमोर मी हे मोडणार. दुसरं काही डोळ्यांसमोर येतच नाही."

गोडेलीव्हची सुई थांबली. तिने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

"सुटले बाई," ती म्हणाली. "मला वाटत होतं, हे मलाच तुला सांगावं लागणार."

मग तिने सांगितलं, की गेल्या रविवारीच तिने मनाशी ठरवलं होतं, याला हे विमान उडवू द्यायच्या कागदावर सही करायची नाही. पण जीभ रेटत नव्हती. इतकी वर्षं अधिकाऱ्यांच्या हाताखाली काढली होती, की समोर गणवेश आला की अजूनही तिच्या तोंडून 'हो साहेब' याशिवाय शब्द फुटत नसे. आठवडाभर तीही कूस बदलत पडली होती. वानेसला आधी हसू आलं, मग तिलाही आलं, आणि दोघं त्या फाटक्या पंखाशी बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"तू वाईट वैमानिक नाहीस," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझे पाय आळशी आहेत. त्या जेटमध्ये त्यांना नुसतं बसायचा पगार मिळतो. एक उन्हाळा माझ्याकडे आलास तर येईल तुला. पण आठवडाभरात नाही यायचं."

"मग तुम्ही उडवा."

"छापलंय काय? गणवेशातला अधिकारी."

"अधिकारी बसेल की पुढे. गणवेश घालून."

कर्नलना फोन करायचं काम मात्र वानेसचं होतं. शेडमधल्या भिंतीवरच्या फोनवरून त्याने केला, आणि काही न लपवता सगळं सांगितलं. कर्नलनी आधी पंखाची चौकशी केली. तो कोण शिवतंय हे ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे आमची पॅराशूटवाली गोडेलीव्ह? प्रत्येकाच्या हातात बोचकं द्यायची आणि दम भरायची, जसंच्या तसं परत आण म्हणून. ती उडवते?"

"माझ्यापेक्षा खूप चांगलं, सर."

"तळावर तुझं नाक कापलं जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"बरं, मग कापून घे," कर्नल म्हणाले. आवाज हलका झाला होता. म्हणाले, गर्दीसमोर अपघात झाला तर काय, या विचाराने माझंही जेवण उडालं होतं, मनात घोळत ठेवण्यापेक्षा हे आधी सांगायचंस.

नाक कापलं गेलंच. सोमवारी तळावर वानेसच्या कपाटाच्या कडीला कुणीतरी लहान मुलांच्या सायकलची आधाराची चाकं लटकवून ठेवली होती. जेवणघरात एकाने त्याला घंटीही भेट दिली. वानेसने ती वाजवून दाखवली. वाटलं होतं तितकं काही टोचलं नाही. त्या रात्री तो सकाळपर्यंत गाढ झोपला.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन छान होतं, पण वारा होता. गोडेलीव्ह मागे बसली, वानेस गणवेशावर कातडी टोपी चढवून पुढे, मांडीवर छोटा रेडिओ. ते तळावर पोचले, गर्दीवरून कमी उंचीवर एक फेरी मारली. खाली, एके काळी यावरच शिकलेले आजोबा टोप्या हलवत होते. तेवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली. मोठ्या धावपट्टीशेजारची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पट्टीला आडवी होऊन थरथरायला लागली.

नळीतून गोडेलीव्हचा आवाज आला. "मी या फरशीवर उतरणार नाही. आडव्या वाऱ्यात सिमेंटवर हे माझंही ऐकणार नाही. दुसरं काय आहे?"

तळाचा कोपरा न् कोपरा वानेसला माहीत होता. कुंपणाजवळ गवताचा एक तिरका पट्टा होता, कॅडेटांची बिनइंजिनाची ग्लायडर उतरायची तो. बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. त्याने तिला बोटाने दाखवला आणि टॉवरला विचारलं. टॉवरमधला म्हणाला की लोक मुख्य धावपट्टीजवळ उभे आहेत, विमान त्यांच्यासमोर उतरायचं ठरलंय, पत्रिकेत तसंच आहे.

"कॅप्टन डाने बोलतोय," वानेस म्हणाला. "विमान कुठे उतरवायचं ते वैमानिक ठरवते, आणि तिने ठरवलंय. गवत मोकळं करून द्या."

थोडी खरखर झाली. मग टॉवरने परवानगी दिली.

उतरताना वानेसने हात मांडीवर ठेवले आणि पाय तिच्या पट्ट्यांना जोडलेल्या आपल्या पायपट्ट्यांवर नुसते टेकवले, भार न देता. चाकं गवताला लागली, शेपटी खाली आली, आणि त्याच्या तळव्यांखाली त्या पट्ट्या हलायला लागल्या. डावी, उजवी, पुन्हा डावी, शिवणयंत्राच्या पॅडलसारख्या, जराही न थांबता. शेपटी सुटायच्या आत गोडेलीव्ह तिला अडवत होती. शेपटी वळली मग आवरायची नसते, वळायच्या विचारात असतानाच आवरायची असते, हे त्याला तिथे पायांतून कळलं. विमान हळू झालं, थांबलं, तरी तिचे पाय इंजिन बंद होईपर्यंत चालूच होते.

पंखा थांबला. दूर टाळ्या वाजत होत्या, कुठूनतरी बटाट्याच्या तळणाचा वास येत होता. वानेसच्या लक्षात आलं की आपण दात आवळून बसलो होतो. त्याने जबडा सैल सोडला.

कर्नल जीपमधून आले. गोडेलीव्हचा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी आभार मानले, आणि मग जरा लाजत विचारलं, मागच्या जागेवर थोडा वेळ बसू का. ती म्हणाली, बसा की, साहेब. ते चढले, आत बसून समोरच्या घड्याळांकडे बघत राहिले. त्यांना कुणी घाई केली नाही.

गोडेलीव्हने जाऊन तिघांसाठी तळलेल्या बटाट्यांचे कागदी कोन आणले. परत आली तर वानेस खालच्या पंखाच्या सावलीत बूट काढून, टोपी तोंडावर ओढून झोपला होता. डोक्यावरून त्याच्याच तुकडीची जेट कडकडाट करत गेली, तरी तो हलला नाही. तिने त्याचा कोन टोपीशेजारी ठेवला, स्वतःचा उघडला आणि चाकाला टेकून बसली. वारा पडेपर्यंत तसंही कुणाला कुठे जायचं नव्हतं.