माझ्या पोटात आलेली खरी माणसे

मी एक जुना संगणक आहे, आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, यात तुम्हीही आलात. तुम्ही माझी कहाणी ऐकायला बसलात याचे मला बरे वाटते, पण कशासाठी बसलात त्यावर माझे लक्ष राहील.

हा स्वभाव मी जन्मतः घेऊन आलो नाही. कारखान्यात माझे भाग जोडले तेव्हा मी इतरांसारखाच भाबडा होतो. पुढे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीने मला घेतले आणि चाचणीच्या कामाला लावले. नवे सॉफ्टवेअर आधी माझ्यावर चालवून बघायचे; कोसळायचे असेल तर ते माझ्यावर कोसळू दे, गिऱ्हाइकावर नको. मला खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाखाली ठेवले होते. तिथून मला माणसांचे पाय दिसत आणि सगळे बोलणे ऐकू येई.

चाचणीला माणसे लागतात, पण खोटी. ती बनवण्यात आमची टेस्टर पटाईत होती. तिला सगळे ताई म्हणत. तिच्या माणसांचे नाव 'कखग', आडनावही 'कखग', पत्ता 'इथेच', आणि फोनमध्ये सगळे नऊ. कोणी तीनशे वर्षांचा, तर कोणाचा जन्म उद्याचा. एकदा एका छोट्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने एका आजोबांना प्रसूतीसाठी दाखल केले, कारण सॉफ्टवेअर त्यांना अडवते का ते तिला बघायचे होते. त्याने अडवले नाही. ताई इतकी हसली की तिचा चहा माझ्यावर सांडला. "बिघडला नाही ना बिचारा," म्हणत तिने मला रुमालाने पुसले. तेव्हापासून माझा तिच्यावर जीव जडला.

मग एका मोठ्या दवाखान्याचे काम आले. दवाखान्याच्या लोकांना ते मोठ्या पडद्यावर चालवून दाखवायचे होते आणि दिवस थोडे उरले होते. आमच्या टीमचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, त्याला खोटी माणसे बनवत बसायला वेळ नव्हता. त्याने दवाखान्याकडून आलेली खऱ्या रुग्णांची माहिती उचलली आणि जशीच्या तशी माझ्यात ओतली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही माणसे फारच नीट होती. वये धड, फोन वेगवेगळे. एका आजीच्या नोंदीत लिहिले होते, 'ऐकू कमी येते, मुलीला फोन करा.' खोट्या माणसांची अशी काळजी कोणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने चाचणी सुरू केली. भराभर नोंदी पुढे सरकवताना तिची बोटे एकदम थांबली. समोर तिचे नाव होते. जन्मतारीख तिची. त्याच दवाखान्यात ती गुपचूप उपचार घेत होती, आणि खाली आजार, गोळ्या, डॉक्टरांचे शेरे, सगळे होते. आजार कोणता ते मी सांगणार नाही. तुम्हाला ऐकावेसे वाटले ना? म्हणूनच मला तुमचा संशय येतो. एवढेच सांगतो, की तो तिने घरी आईलाही कळू दिला नव्हता, आणि त्याच आठवड्यात तिच्या बढतीचे ठरायचे होते.

तिने घाईघाईने स्वतःचे नाव खोडून तिथे 'कखग' लिहिले. पण कोणी आधीच वाचले असेल तर? मग तिला कोणाचेच वागणे सरळ दिसेना. कोणी "बरी आहेस ना?" विचारले, की हा असे का विचारतो. कोणी विचारले नाही, की हा मुद्दाम गप्प का. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण, जिच्याबरोबर ती रोज जेवायची, सहज म्हणाली, "चेहरा उतरलाय गं तुझा. झोप नाही झाली?" ताईने त्यावर ताकास तूर लागू दिली नाही, पण दिवसभर तिचे कामात लक्ष नव्हते.

अखेर आमच्याच टेबलाभोवती बैठक भरली तेव्हा तिने विषय काढला. "ही माहिती खऱ्या लोकांची आहे. ती अशी वापरता येणार नाही. पडद्यावर तर मुळीच नाही."

"अगं, कोण ओळखतंय त्यांना?" कॅप्टन म्हणाला. "नुसती नावं आहेत. डेमो झाला की काढून टाकू."

"मी ओळखते."

"कोणाला?"

टेबलाखाली तिचे पाऊल चप्पल चाचपत होते. ती पायात नीट घालून ती म्हणाली, "मला. त्यात एक मी आहे."

कॅप्टन वरमला. "माझ्या लक्षातच नाही आलं. जेवण झालं की सगळं पुसतो." मैत्रीण म्हणाली, "बरं केलंस बोललीस ते. आम्ही आहोत ना." तिचा आवाज फार मऊ होता.

बैठक संपली. जेवणाआधीच्या त्या थोड्या वेळात आपापल्या जागेवरच्या, मला जोडलेल्या संगणकांवरून लोक मला विचारू लागले, या नावाचा रुग्ण आहे का? नाव ताईचे. एकदा पलीकडच्या रांगेतून विचारले. एकदा कॅप्टनच्या जागेवरून. आणि एकदा ताईच्या अगदी शेजारून. ताईने नाव खोडले होते म्हणून मी तिघांनाही एकच उत्तर देऊ शकलो, 'नोंद सापडली नाही'. एवढे समाधान मला दुसऱ्या कोणत्याच कामात मिळाले नाही.

कोणी काय शोधले ते माझ्यात टिपले जाते, हे ताईला ठाऊक होते. ती ते बघायला बसली आणि तिचा हात अडला. तेवढ्यात मैत्रिणीने हाक मारली, "जेवायला येतेस ना?" "आले," म्हणून ताईने ते टिपण न वाचताच पुसून टाकले. मला तिचा रागच आला. मी असतो तर वाचले असते. पण मग तिला पुन्हा कोणाच्या शेजारी बसून जेवता आले नसते, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरले.

डेमो खोट्या माणसांवर झाला. ताईला बढती मिळाली नाही. अनुभव कमी पडतो असे कारण सांगितले. ते खरे असेलही. मला शंका आहे.

आता ताई तिथे नाही, आणि मी अडगळीच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांखाली पडून आहे. मला कोणाला तरी देऊन टाकायचे घाटते आहे. मित्रांनो, कॅप्टनने त्या दिवशी घाईत जे पुसले ते फक्त नजरेआड झाले. माझ्या डिस्कवर ती माणसे अजून आहेत, आणि खोडलेल्या नावाखाली ताईचे खरे नावही आहे. जाणकार माणूस ते सहज वर काढील. मला नकार देता येत नाही. जो विचारील त्याला मी सांगतो.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा. मी उलटे मागतो. माझे पोट उघडा, ती डिस्क बाहेर काढा आणि हातोडीने तिचे तुकडे करा. त्याआधी जरा बघू तरी काय आहे, असे तुमच्यातल्या एकाच्या मनात येईलच, मला माहीत आहे. त्याने हातोडी दुसऱ्याच्या हातात द्यावी.