सातव्या दाराच्या घंटा

आमच्या घरात मला बिघाडी म्हणतात. गेली तेहतीस वर्षं. आता मी लिफ्ट दुरुस्त करते, मजल्यांमध्ये अडकलेली माणसं सुखरूप बाहेर काढते, तरी चार नातेवाईक जमले की धाकटा काका विचारतोच, "काय बिघाडी, आज काय मोडलंस?"

कारण काय, तर एक कॉम्प्युटर गेम. काळ्या पडद्याचा, फ्लॉपीवरचा. मी तेव्हा अकराची, दादा पंधराचा. गेममध्ये एक किल्ला होता आणि किल्ल्याला सात दारं. सहा आम्ही उघडली. सातव्यापाशी पाच घंटा, पाच दोऱ्या आणि एक पहारेकरी. कशाही क्रमाने ओढा, तो नुसता मुंडी हलवायचा. एकदा दादा पाणी प्यायला उठला आणि मी वैतागून सगळी बटणं एकदम दाबली. झालं. त्यानंतरही दार उघडेना, तेव्हा हिने गेम बिघडवला, असं त्याने घरभर केलं आणि ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

आमचा गेम मुका होता. आवाज मी तोंडाने काढायचे. दाराची करकर, पहारेकऱ्याची पावलं आणि खंदकातला बेडूक. बेडूक तर असा काढायचे की विचारू नका.

गेल्या महिन्यात फ्लॉपी सापडली. मी दादाला फोन लावला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, रविवारी बंद असतं.

"दार उघडलं तर घरच्या ग्रुपवर लिहायचं, की मी काही बिघडवलं नव्हतं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर कामाच्या गाडीवर 'बिघाडी' असं रंगवून घेईन."

"अक्षरं मोठी घे," तो म्हणाला.

फ्लॉपीतला गेम लॅपटॉपवर उतरवून रविवारी सकाळी त्याच्या घरी गेले. आई आतल्या खोलीत पेपर वाचत होती. नव्या लॅपटॉपला जुने गेम कळत नाहीत, म्हणून आपण तीस वर्षं जुने आहोत असं सोंग करणारा एक प्रोग्राम त्यात आधीच टाकला होता. आवाजाची सेटिंग उघडली तर जुनी निवड तशीच होती: आवाज नको. शेजारी फाइलची तारीख. दादाच्या दहावीच्या परीक्षेच्या बरोबर आठ दिवस आधीची.

मी दादाकडे पाहिलं. दादा पंख्याकडे पाहत होता.

"कॉम्प्युटरच्या त्या डब्याच्या पोटात बारका स्पीकर होता," तो म्हणाला. "आई पलीकडेच असायची. तिला ऐकू गेलं असतं तर डबा माळ्यावर गेला असता."

"म्हणून गेमचा आवाज बंद केलास. आणि शेजारी मी बेडकासारखी ओरडत होते त्याचं काय?"

"ते डोक्यात आलं नाही."

मला इतकं हसू आलं की खुर्ची धरावी लागली. मग साउंड कार्ड निवडलं. संगीत लागलं, पण घंटा आणि बेडूक गप्पच. गाडीवरची मोठी अक्षरं डोळ्यांपुढे नाचायला लागली. दादा शीळ घालत होता, मुद्दाम.

सेटिंगमध्ये आयआरक्यू नावाचा एक आकडा असतो. आवाजाचा तुकडा संपला की कार्ड त्या नंबरची घंटी मारतं, मग गेम पुढचा तुकडा देतो. गेम पाच नंबरला कान लावून बसला होता आणि कार्ड मारत होतं सात नंबरची. हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं. माणूस सातव्या मजल्यावर खोळंबलेला आणि लिफ्ट पाचव्यावर उभी. पाचाचे सात केले.

बेडूक ओरडला. आम्ही दोघं इतके दचकलो की दादाचा चष्मा नाकावरून घसरला.

आई चष्मा पुसत बाहेर आली. "हा कोण?"

"बेडूक," दादा म्हणाला.

"पूर्वीचा बरा होता."

आम्ही दोघं गार. "तुला ऐकू यायचं?" मी विचारलं.

"भिंत ती केवढी. रोज दुपारी ऐकत बसायचे. सहा दारं झाली आणि एकाएकी सगळं बंद. पुढे काय झालं ते कोणी सांगितलंच नाही." तिने स्टूल ओढलं. "उघडा आता सातवं."

पहारेकऱ्यासमोर गेलो तर घंटा आपोआप वाजल्या. आठ ठोके, अगदी सावकाश, प्रत्येक घंटेचा सूर निराळा. त्याच क्रमाने ओढा, एवढंच कोडं होतं. आई ठोके मोजत होती, मी कुठली घंटा ते सांगत होते, दादा ओढत होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पहारेकरी बाजूला झाला आणि दार उघडलं. आईने टाळ्या वाजवल्या.

दादाने गुपचूप फोन काढला. आई खांद्यावरून वाचत होती. "बिघाडीने काही बिघडवलं नव्हतं. आवाज मी..."

"बिघाडी नको," आई म्हणाली. "तिचं नाव लिही."

दादाने खोडलं. माझं नाव लिहायला त्याला वेळ लागला, पहिलं अक्षरही चुकलं. तेहतीस वर्षांत त्याने ते कधी लिहिलंच नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि ते या दोघांना दिसू नये म्हणून मी बेडूक काढला, जुना, पोटातून.

"हां," आई म्हणाली, "हा."