लोट्याच्या शर्यतीला गेलेली फियाट

मी एक जुनी फियाट आहे, मित्रांनो. जुनी म्हणते ते लाजून नव्हे. अकरा वर्षं मी मुंबईत टॅक्सी म्हणून राबले. तिथल्या मालकाने टाकून दिल्यावर रावजी सुर्व्यांनी मला पावसला आणलं.

रावजी जहाजावरचे फिटर. वीस वर्षं इंजिनखोलीत काढून घरी आले, ते कान गमावूनच. अगदी जवळ जाऊन मोठ्याने बोललं, तर थोडं ऐकू येई. त्यांची मुलगी दमयंती शाळेत गणित शिकवायची. मला चालवायची ती तीच.

१९८५ साली कोल्हापूरच्या एका मोटार क्लबने पत्रक काढलं. लोटे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत नवे रस्ते झाले होते, त्यांच्या कडेचे कारखाने अजून उभे राहायचे होते. त्या मोकळ्या रस्त्यांवर हौशी लोकांनी एका रविवारी आपापल्या गाड्या पळवायच्या होत्या. दमयंतीने नाव दिलं. शेजारच्या यमुनाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "त्या खटाऱ्यात बसून जीव देशील गो."

खटारा! तो राग मी अजून सोडलेला नाही.

रावजींनी माझी मागची सीट काढली, बंपर उतरवले, ब्रेकचे लायनर बदलले. पत्रकात लिहिलं होतं की चारही टायर एका मापाचे हवेत, त्यांची नक्षी शाबूत हवी, जुन्यावर नवं रबर चढवलेले रिमोल्ड चालणार नाहीत. माझे मागचे दोन्ही टायर तर तळहातासारखे गुळगुळीत झाले होते. राजापुरात अपघातात मोडलेल्या एका फियाटचे टायर चांगले आहेत असं कळलं. दमयंती सुट्टीच्या दिवशी गेली आणि एसटीच्या टपावर स्वतः चढवून ते घेऊन आली. कंडक्टर कुरकुरत राहिला, ती तिकीट काढून खिडकीशी बसली.

सायलेन्सर मात्र फुटका होता. रावजींनी ठिगळ मारलं.

"आबा, आवाज जास्त वाटतो," दमयंती म्हणाली.

"हात लावून थरथर बघितलीय मी. काय नाय होत."

लोट्याला पोचलो तेव्हा कळलं की पत्रकातला आवाजाचा नियम टायरच्या नियमाहून कडक पाळायचा आहे. जवळच जुन्या कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती होती. रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपत. पंच्याण्णव डेसिबलच्या वर एकही गाडी नको, या अटीवरच त्यांनी होकार दिला होता. क्लबच्या घोरपडेसाहेबांनी आवाज मोजायचं यंत्र माझ्या मागे धरलं. काटा एकशे तीनवर गेला.

"बाद," ते म्हणाले. मग त्यांनी दमयंतीकडे पाहिलं. "तुम्ही चालवणार? असं करा, दुपारपर्यंत आवाज कमी करून आणा. चालवायला मी आमचा माणूस देतो."

"काय म्हणतायत?" रावजींनी विचारलं.

दमयंतीला अर्धंच सांगता आलं असतं. तिने सगळं सांगितलं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

रावजी घोरपड्यांकडे वळले. "आवाज माझ्या चुकीने ऱ्हायला. तो मी बघतो. गाडी चालवील ती हीच."

दमयंतीने पत्रक उलगडून घोरपड्यांपुढे धरलं. "यात आवाज लिहिलाय, टायर लिहिलेत. बाईने चालवू नये, असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

त्यांनी पत्रक परत दिलं आणि यादीत तिचंच नाव ठेवलं.

नाक्यावर एक वेल्डिंगवाला होता. तिथे रावजींनी लोखंडी नळीला भोकं पाडली, भांडी घासायच्या तारेचे गोळे भोवती गुंडाळले, वरून पत्र्याचं आवरण वेल्ड करून घेतलं आणि तो दुसरा सायलेन्सर माझ्या मागे जोडला. या वेळी त्यांनी हात लावला नाही. "तू ऐक," ते लेकीला म्हणाले, "मी तुझ्या तोंडाकडे बघतो." तिचा चेहरा पाहत त्यांनी तीनदा सायलेन्सर उघडून पुन्हा बसवला. चौथ्या वेळी ती हसली.

चौऱ्याण्णव.

तीन फेऱ्या होत्या. त्या दुसऱ्या सायलेन्सरने माझा श्वास कोंडत होता, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या फेरीत वळणावर तांबडी खडी होती, तिच्यावरून माझी मागची चाकं घसरली. दमयंतीने ब्रेक दाबला नाही. तिने स्टिअरिंग हलकेच फिरवून मला सरळ केलं, आणि राजापूरच्या टायरांनी रस्ता धरला. नऊ गाड्यांत आम्ही चौथ्या आलो. पुढच्या तिन्ही माझ्याहून पुष्कळ धाकट्या होत्या.

बक्षीस मिळालं नाही. घोरपडेसाहेबांनी रावजींपुढे हात केला. रावजींनी आपला हात मागे घेतला आणि दमयंतीकडे बोट दाखवलं. साहेबांना तिच्यापर्यंत चालत जावं लागलं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दमयंती अजून मलाच घेऊन शाळेत जाते. लोक म्हणतात, विकून टाक, भंगारवाला तरी घेईल. मित्रांनो, मला तुमची दया नको. आठवड्याला टायरची हवा पाहा, वेळेवर ऑइल बदला, कुठे खडखडलं तर कान द्या. एवढं कराल तर मी चालेन. नाही केलंत, तर उतरा आणि ढकला.