रिकामी मांडी

"आणा लेकराला इकडं," म्हणत गंगूताई गाडीच्या मागच्या सीटवर मांडी ठोकून बसली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे केले.

लेकरू आलं नाही. भाचा पुष्कर दारातून वाकून म्हणाला, "आत्या, जरा पलीकडं सरक. मधी जुईची खुर्ची बसवायचीय."

हट्टा गावातल्या त्या घरात प्रवासाचा एक नियम होता. गाडी कोणाचीही असो, लेकरू गंगूताईच्या मांडीवर. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती धाकट्या भावाच्या, बंडूच्या घरी परत आली. तेव्हापासून भावकीतलं प्रत्येक पोर तिच्या मांडीवर बसून लग्नांना, जत्रांना, दवाखान्यात गेलं होतं. तिचं स्वतःचं एकही नव्हतं. गावातल्या जलालुद्दीनच्या भाड्याच्या जीपला माणसं बाहेर लटकायची, पण पुढची जागा तो लेकरूवाल्या गंगूताईसाठी राखून ठेवी. "ताईला घ्या बरं संगं, लेकरू कोण धरंल?" असं बंडू म्हणाला की ती तोंडाने कुरकुर करायची आणि तोवर चपला घालून दारात उभी असायची. या एका वाक्यावर तिने सगळा जिल्हा पाहिला होता.

आणि आता ही खुर्ची. पुष्कर हिंगोलीला नोकरीला होता, तिथून कालच नवी गाडी घेऊन आला होता. आज औंढ्याला त्याच्या लेकीचं जावळ होतं.

खुर्ची त्याने बसवली तीही उलटी. गंगूताईला राहवलं नाही.

"आरं, पाठमोरं काहून बसवून राहिला लेकराला? रस्ता दिसायचा न्हाई तिला."

"रस्ता मला दिसला म्हंजे झालं," पुष्कर हसला. "लहान लेकराची मान कच्ची असती, आत्या. गाडीला धक्का बसला तर पाठमोऱ्या लेकराची सगळी पाठ खुर्ची धरून ठेवती. मानंला हिसका बसत न्हाई."

"मंग पुढं ठेव तिला," पुढे बसलेला बंडू म्हणाला. "मी जातो मागं."

"पुढं तर अजिबात न्हाई, बाबा. तुमच्या म्होरं हवेची पिशवी हाय. ठोकर बसली की फटकन फुगती. तुमाला वाचवंल, पन एवढ्याशा लेकराला तिचाच मार बसंल."

बंडूने समोर संशयाने पाहिलं आणि हौसेने तिथे ठेवलेला नारळ हळूच उचलून पिशवीत टाकला.

पुष्करच्या बायकोने, मधुवंतीने, लेकीला खुर्चीत बसवून पट्टे आवळले. जुईने एकदा आईकडे, एकदा गंगूताईकडे पाहिलं आणि ओठ काढला.

"बांधून न्यायचं व्हय लेकरू," गंगूताई म्हणाली. "मंग मी कशाला येऊ? खुर्ची हाय की."

ती हसत म्हणाली खरी, पण हसू तोंडावर टिकलं नाही.

"असं काहून म्हनता, आत्याबाई? तुमच्याबिगर कसं जायचं?" मधुवंती म्हणाली. गंगूताईला ते सुनेचं गोड बोलणं वाटलं. खाली उतरावं आणि घरात जाऊन निजावं असं तिला फार वाटलं. पण पुष्करने सीटकव्हरखाली दडलेलं बक्कल ओढून काढलं आणि तिलाही पट्टा बांधून टाकला.

"शिऱ्याचा डबा डिकीत ठेवते," मधुवंती म्हणाली.

"आण इकडं. रिकामी मांडी घिऊन कुठं जाऊ मी?"

तो स्टीलचा डबा तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला. जुईच्या निम्मंही वजन नसेल त्याला.

जवळा बाजार मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बंडू सोयाबीनच्या भावावर काहीतरी बोलत होता, जुई पट्ट्याचं टोक चघळत होती, आणि तेवढ्यात बांधावरून एक म्हैस सरळ रस्त्यावर आली.

पुष्करने करकचून ब्रेक दाबला.

गंगूताईच्या खांद्यात पट्टा रुतला आणि त्याने तिला जागीच धरलं. डबा मात्र गेला. पुष्करच्या सीटच्या पाठीवर तो असा आदळला की झाकण उडालं, आणि शिरा सीटवर, पायाशी, सगळीकडे झाला. म्हैस शांतपणे पलीकडे निघून गेली.

जुई खुर्चीतल्या खुर्चीत होती. क्षणभर तिला काही कळलं नाही, मग तिने भोकाड पसरलं. मधुवंतीने तिचं डोकं, मान, हातपाय चाचपले. कुठे साधा ओरखडाही नव्हता.

"लागलं का कुनाला? आत्या?" पुष्करने मागे वळून विचारलं.

गंगूताई आपल्या हातांकडे बघत होती. डबा धरल्यासारखे ते अजून तसेच वाकलेले होते.

"म्या सोडला न्हाई," ती म्हणाली. "घट्ट धरला व्हता म्या."

"आगं, शिऱ्याचं काय घिऊन बसली?" बंडू म्हणाला.

ती शिऱ्याचं बोलत नव्हती, हे मधुवंतीला कळलं. तिने गंगूताईचे हात आपल्या हातात घेतले.

"तुमचे हात पक्के हायेत, आत्याबाई. असा ब्रेक लागल्यावर कुनाच्याच हातात काई ऱ्हात न्हाई."

"हा पुष्कर दोन महिन्यांचा व्हता," गंगूताई हळू आवाजात म्हणाली. "जलालुद्दीनच्या जीपमधी, पुढं, काचंपाशी. असाच धरला व्हता. लई गुमान व्हता मला या हातांचा. त्या दिशी म्हैस आडवी आली न्हाई. एवढंच."

औंढ्याला पोचल्यावर आधी सगळ्यांनी गाडीतला शिरा पुसून काढला. जावळाला मांडी मामाची लागते, त्यामुळे तिथे गंगूताईचा हक्क नव्हताच. ती बाजूला उभी राहून उतरणारे केस बघत राहिली.

निघताना जुई खुर्चीत बसेना. पाठीची कमान करून ती किंचाळत होती. मधुवंती घामाघूम झाली.

"दे ताईकडं, मांडीवर घिऊन बसंल," बंडू सवयीने म्हणाला.

जुईनेही हात पुढे केले होते. गंगूताईचे हात अर्धे उचलले गेले. ती तशीच थांबली. मग मान हलवली.

"न्हाई. खुर्चीतच बसंल ती. मधुवंती, मला दाव कसं लावायचं त्ये."

तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत, जुन्या जीपमध्ये करायची तसा जिभेने टक टक आवाज काढत तिने जुईचे हात एकेका पट्ट्यातून घातले. पोरगी तिच्या तोंडाकडे बघत गप्प झाली. बक्कल लागलं. गंगूताईने पट्टा ओढून पाहिला, आणखी एकदा ओढून पाहिला.

"माझ्यानं तर बसत नव्हती ती," मधुवंती म्हणाली. "खुर्ची असली तरी तुमी लागताच, आत्याबाई."

या वेळी ते गंगूताईला गोड बोलणं वाटलं नाही. ती आपल्या जागेवर बसली आणि स्वतःचं बक्कल स्वतः लावलं.

"डबा दिऊ का मांडीवर?" बंडूने विचारलं.

"डिकीत ठेव."

गाडी निघाली तशी जुईला झोप लागली. सकाळच्या त्या जागेपाशी शिऱ्याला मुंग्या लागल्या असतील असं तिच्या मनात आलं, पण शिरा तर गाडीतच सांडला होता. तिला स्वतःचंच हसू आलं. तिने खुर्चीच्या कडेवर हात ठेवला. जुईने झोपेतच तिचं बोट धरलं.

हट्टा येईपर्यंत तिने तो हात हलवला नाही. दुसरा हात रिकाम्या मांडीवर उताणा पडला होता.